दर गुरुवारी आवरलेलं घर

गोष्ट २००७ सालची. गुरुवारची दुपार झाली की ड्युसेलडॉर्फमधल्या यशोधनच्या घरी धावपळ उडायची. त्याची बायको वीणा स्वयंपाक सकाळीच उरकायची, खिडक्या उघडून फोडणीचा वास घालवायची आणि आठ वर्षांच्या शमिकाला भर जुलैत लांब बाह्यांचा झगा चढवायची. चार वाजता कादंबरी यायची ना!

ऑटिझम असलेल्या मुलांबरोबर बसून त्यांना मागायला, थांबायला, ‘नको’ सांगायला शिकवणं हे कादंबरीचं काम. शमिका बोलत नव्हती. पण घरात मराठी ऐकते म्हणून ऑटिझम केंद्राने मुद्दाम नाशिकची मुलगी शोधून पाठवली होती. दुसरा कुणी असता तर खूश झाला असता! यशोधन पडला मोटारींच्या ब्रेकचा इंजिनिअर. कुठे काय निकामी होईल, याचाच विचार करायची त्याला सवय. त्यात कादंबरीला पाठवलं होतं युगेंडआम्टच्या, म्हणजे मुलांच्या सरकारी खात्याच्या, मंजुरीने. ‘हे खातं मुलांना घरातून उचलून नेतं’ अशी कुजबुज त्याने मराठी मंडळात ऐकली होती. कुणाचं मूल नेलं, हे मात्र कुणालाच सांगता येत नव्हतं.

“ती गोड बोलून माहिती काढतेय,” तो वीणाला म्हणायचा. “शमिका संध्याकाळी काय करते, असं विचारत होती. तिला काय करायचंय आपल्या संध्याकाळशी?”

“अरे, तिच्या कामाचाच भाग असेल तो.”

“असेल ना! पण तिचा बेरिष्ट, तो रिपोर्ट, शेवटी जातो कुणाकडे?”

बाह्यांखाली काय आहे, ते दोघांनाही ठाऊक होतं. शमिका संध्याकाळी स्वतःच्याच हाताला कडकडून चावायची. का, ते काही कळायचं नाही. ते वळ पाहून कुणी म्हणालं, आईबापच मारतात, तर? पोरगी आपली राहील का? एकदा कादंबरीने बाही सरकवायला हात पुढे केला, तर वीणाने झटकन मध्ये बिस्किटांची बशी आणली. कादंबरीने बशीकडे पाहिलं, मग वीणाकडे. ती नजर यशोधनला मुळीच आवडली नाही.

पुढे वीणाचे वडील दीनानाथ सांगलीहून राहायला आले. सांगलीत त्यांचं चष्म्याचं दुकान होतं. मधुमेहामुळे त्यांची जेवणाची वेळ चुकून चालत नसे. त्या गुरुवारी कादंबरीला यायला उशीर झाला, शिकवणं चालू असतानाच सात वाजत आले. शमिका कादंबरीबरोबर ठोकळे रचत बसली, आईबाप नेहमीसारखे पहाऱ्यावर. दीनानाथांनी वाट पाहिली, आणि शेवटी स्वतःच स्वयंपाकघरात जाऊन ताज्या भातासाठी कुकर लावला.

झाकण लागल्याचा आवाज आला मात्र, शमिका ताठरली. तिने बाही वर ओढली आणि दंडाला दात रोवले. यशोधन धावत मध्ये येऊन उभा राहिला. कादंबरीला काही दिसता कामा नये!

“काका, कुकर खाली उतरवा आधी!” कादंबरी ओरडली.

कुकर उतरला. हळूहळू शमिकाचा हात सुटला. जुने-नवे सगळे वळ उघडे पडले.

“लिहा आता!” यशोधनचा तोल गेला. “कळवा तुमच्या आम्टला! आम्ही बोटही लावलेलं नाही तिला!”

“तुम्ही काहीतरी लपवताय, हे मला दिसत होतं!” कादंबरीचाही आवाज चढला. “मलाही तुमचा संशय आला होता. पण आज मी डोळ्यांनी पाहिलं. ती स्वतः चावते, आणि कुकर लागला म्हणून चावते. रोज ह्याच वेळी ना?”

“पण शिट्टी तर झालीच नव्हती!”

“गेनाऊ, अगदी तेच! शिट्टी कधी होईल, ही धास्तीच तिला सोसत नाही. आणि मी येते तेव्हा तुमच्या घरात कुकरच लागत नाही. मला कळणार कसं?”

दीनानाथ दारात उभे राहून ऐकत होते. “यशोधनराव,” ते म्हणाले, “माझ्या दुकानात काही गिऱ्हाइकं अक्षरांचा तक्ता पाठ करून यायची. नंबर वाढू नये म्हणून धडाधड वाचून दाखवायची. आणि बाहेर पडताना पायरीवर ठेचकाळायची. त्यांनी फसवलं कुणाला? तुम्ही दर गुरुवारी हेच करताय, आणि ठेच लागतेय माझ्या नातीला!”

“आणि तिला नेलं असतं तर, बाबा?” यशोधनला रडू फुटलं.

“त्या भीतीपायी तुम्हीच तिला एकटं टाकलंत की!”

यशोधनला स्वतःची फार लाज वाटली. मग त्याने कादंबरीला सगळं सांगितलं. कादंबरीनेही सगळं खरं तसंच वर कळवलं. मुलीला न्यायला कुणी आलं नाही. उलट कादंबरीचे आठवड्याचे तास वाढवून मिळाले.

कादंबरी आता संध्याकाळी, ऐन स्वयंपाकाच्या वेळी येऊ लागली. कुकर लावण्याआधी शमिकाला तो दाखवायचा, कान झाकणारे हेडफोन जवळ ठेवायचे. एके दिवशी कुकर दिसताच शमिकाने आईचा हात धरला, तिला ओढत स्वयंपाकघरापर्यंत नेलं आणि दार लावून घ्यायला लावलं. तिने प्रथमच काहीतरी मागितलं होतं! चावणं पूर्ण थांबलं नाही, पण खूप कमी झालं.

सप्टेंबरात मंडळाची ऱ्हाइनकाठी सहल निघाली. शमिका कुणाशी बोलत का नाही, असं एका बाईंनी विचारलं. “तिला ऑटिझम आहे. शिकवायला एक ताई घरी येते,” यशोधन सगळ्यांसमोर म्हणाला. थोड्या वेळाने श्रीनाथ नावाचा नवा सभासद त्याला बाजूला घेऊन हलक्या आवाजात म्हणाला, “आमच्या गौरांगचंही तसंच आहे. आम्ही त्याला घरीच ठेवून आलोय. त्या शिकवणाऱ्या ताईचा नंबर देशील?”

“देतो. आणि घाबरू नकोस, पहिल्या दिवशी मी येतो तुझ्याबरोबर.”

वाचकहो, आपल्या ओळखीच्या किती घरांत असं एखादं मूल लोकांच्या नजरेआड बसलं असेल! त्याला शिकवायला येणाऱ्यापासून काही लपवू नका. ज्या मुलाला स्वतःचं दुखणं सांगता येत नाही, त्याच्या वतीने खरं बोलायला आपल्याशिवाय दुसरं कोण आहे?