लोखंडाला फुटलेला घाम

"तुम्ही जोर लावू नका, मी ढकलते," म्हणत मुलीने गॅरेजच्या शटरखाली खांदा दिला. शटर कुरकुरत वर गेलं आणि आतला ओलसर गारठा दोघांच्या अंगावर आला.

तेलमास्तर बाहेरच थबकले. चौतीस वर्षं ते कारखान्यात फिटर होते. पुसून, तेलाचा हात फिरवल्याशिवाय हत्यार जागेवर ठेवायचे नाहीत, म्हणून सोबत्यांनी हे नाव पाडलेलं. निवृत्तीनंतर त्यांनी स्वतःची हत्यारं, नटबोल्टचे पाने, कानशी, इथे मांडली. थंडीच्या दिवसांत रोज सकाळी ती पुसावी लागत. "गारठ्यात माणसाला हुडहुडी भरते, लोखंडाला घाम फुटतो," असं ते बायकोला समजावायचे.

"लग्न माझ्याशी झालंय की पान्यांशी?" ती विचारायची.

"पाने उलट बोलत नाहीत," ते म्हणायचे.

ती गेल्याला आता वर्ष होत आलं होतं. तेव्हापासून शटर उघडलं नव्हतं.

भिंतीवरचे पाने एकजात तपकिरी पडले होते. कानशींचे दाते गंजाने बुजले होते. मुलगी इस्पितळात नर्स होती. दोन दिवसांची रजा काढून आली होती. तिने बाह्या वर सारल्या, जुन्या घमेल्यात रॉकेल ओतून पाने बुडवले आणि तारेच्या ब्रशने एकेक घासायला बसली.

"आई असती तर म्हणाली असती, सवतींना न्हाऊ घालतेय बघा लेक माझी."

मास्तर हसले नाहीत. स्टुलावर बसून ते एकच पाना पुसत राहिले.

"एवढा जीव होता तुमचा यांच्यावर," ती म्हणाली. "आई गेल्यावर उलट इथे मन रमलं असतं. का सोडून दिलंत?"

मास्तरांनी हातातला पाना मांडीवर ठेवला.

"तिने हाक मारली होती," मास्तर म्हणाले.

ब्रश थांबला.

"त्या दिवशी. मी इथेच होतो. स्वयंपाकघरातून 'अहो' म्हणाली. मोठ्याने नाही, नेहमीसारखंच. मी म्हटलं, आलोच, एवढे पुसून घेतो. सहा पाने राहिले होते. ते पुसले, जागेवर लावले, हात पुसले, मग गेलो. तर ती खाली पडलेली."

"तुम्ही तर म्हणाला होतात, लगेच गेलो."

"खोटं बोललो."

मुलीने मान खाली घातली. घमेल्यातल्या रॉकेलवर गंजाची लाल साय धरली होती.

"तू रोज असले पेशंट बघतेस," मास्तर म्हणाले. "दहा मिनिटांनी फरक पडला असता का? डॉक्टरांना विचारायचा धीर झाला नाही. तू सांग. मन राखायला सांगू नकोस."

तिने ब्रश घमेल्याच्या कडेला ठेवला.

"कधी पडतो, बाबा. कधी नाही पडत. तिच्या बाबतीत मला सांगता येणार नाही. कुणालाच येणार नाही."

मास्तरांनी मान हलवली. दुपार कलेपर्यंत सगळे पाने पुसून झाले. वरचा गंज गेला, पण पोलादाला खड्डे पडले होते. ते बुजणारे नव्हते. तरी मास्तरांनी प्रत्येकावर तेल फिरवलं.

हात धुवायला मुलगी स्वयंपाकघरात गेली. मागून मास्तर आले आणि दाराशीच उभे राहिले. मुलीला वाटलं, आपले हात धुऊन होण्याची वाट बघताहेत.

"कुठे पडली होती ती?" नळाकडे तोंड करूनच तिने विचारलं.

"तू उभी आहेस तिथेच."

तिने खाली पाहिलं. साधी पांढरी फरशी होती. वर्षभर मास्तर ती चुकवून, भिंतीला अंग घासत ओट्यापाशी जात होते.

ती तिथून हलली नाही. फक्त थोडी सरकली आणि नळाखाली आणखी दोन हात मावतील एवढी जागा केली.

"या बाबा," ती म्हणाली. "पाणी कोमट आहे."