वीणेचा पहारा

कीर्तन संपलं आणि पायांवर गर्दी पडली. वर्षाराणीला या वेळेचीच सगळ्यात जास्त धास्ती वाटायची. दीड तास उभं राहून पाय आधीच बधिर. त्यात सत्तरीचे म्हातारे वाकायचे आणि बाया तापलेलं लेकरू आणून थेट तिच्या पावलांवर निजवायच्या.

"अवो बाई, अंग बघा की लेकराचं. माझ्या पायानं ताप उतरत न्हाई. केजला डाक्टरकडं न्या."

"नेते की ताई. आदी तुमचा आशीर्वाद."

आजचा विषय होता त्याग. मानपान, हौसमौज सगळं सोडून प्रेमापोटी दारात उभं कसं राहावं, हे तिनं असं रंगवून सांगितलं होतं की पुढच्या रांगेतल्या दोघी पदर डोळ्यांना लावून बसल्या होत्या. तिसरी घोरत होती, ते सोडा. पण सांगणारीचंच लक्ष सकाळपासून दुसरीकडं होतं. मागं पखवाजावर प्रविण होता, हे त्याचंच गाव होतं, आणि लग्नाचं हो का नाही ते त्याची आई, छबुबाई, आज सांगणार होती. तोंडानं त्याग चालला होता आणि बाईसाहेबांचं निम्मं ध्यान पखवाजावरच्या बोटांकडं.

तिचं नाव आईनं हौसेनं वर्षाराणी ठेवलं होतं. फलकावर मात्र लोक परस्पर 'वर्षाताई' लिहायचे, कारण देवळाच्या भिंतीवर राणी बरी दिसत नाही म्हणे. चार तालुक्यांत बोलावणी होती. डायरी पुढच्या फाल्गुनापर्यंत भरलेली. या नावलौकिकातला निम्मा वाटा प्रविणचा, हे तिला एकटीलाच ठाऊक होतं. अभंगाचं पुढचं चरण ती हटकून विसरायची. ती विसरली की हा पखवाजावर असा काही कडकडाट करायचा की लोकांना वाटायचं, ताईंना भाव अनावर झाला. दोन वर्षांत एकदाही त्यानं तिला उघडं पडू दिलं नव्हतं. जीव जडायला एवढं पुरलं.

गर्दी पांगली. प्रविणनं पखवाज ठेवला आणि बारा ते दोनचा पहारा म्हणून वीणा गळ्यात घेतली. सप्ताह बसला की सात दिवस वीणा खाली टेकवायची नाही. दोन-दोन तासांचे पहारे, नावांची यादी खांबाला चिकटवलेली. दुसऱ्यानं गळ्यात घेतल्याशिवाय पहिल्याला हलता येत नाही. देणाऱ्यानं घेणाऱ्याच्या पाया पडायचं, घेणाऱ्यानं देणाऱ्याच्या.

साडेबाराला घरून निरोप आला. प्रविण कासावीस झाला.

"वर्षा, जरा धरतीस का? आईनं बोलवलंय. पाच मिन्टात आलो."

"मला दोनला निघायचंय. चारला लिंबागणेशला कीर्तन हाय."

"अगं, आपल्यासाठीच चाललोय ना!"

'आपल्यासाठी' म्हटल्यावर बाई विरघळली. सगळ्या जिल्ह्याला मोहाचे धोके सांगत फिरणारी बाई, हिला एक शब्द पुरला. दोघं एकमेकांच्या पाया पडली. वीणा तिच्या गळ्यात आली आणि ती लाजली.

खांबाला टेकून चंद्रभागाबाई वाती वळत होत्या. सप्ताहातला झाडलोटीपासून चहापर्यंतचा सगळा भार या म्हातारीच्या अंगावर. ती फिसकन हसली. "लगीन लागलं का काय गं?"

पाच मिनिटांची पंधरा झाली. पंधराचा अर्धा तास. मग दीड वाजला. दर्शनाला आलेल्या बाया तिला नव्यानं निरखू लागल्या. मघाशी पायांवर पडलेल्याच, आता हनुवटीला हात लावून बघत होत्या.

"छबुबाईची व्हनारी सून का?"

"बरं झालं माय. आता घरचीच कीर्तनकार. बोलवायला जायाला नको."

"कीर्तन कुठून हुतंय आता? दोन म्हशी हायत्या त्यांच्या."

वर्षाराणी कसंनुसं हसली. बाहेर जीपवाल्या सतीशनं हॉर्न वाजवला. "ताई, पावणेदोन!"

तेवढ्यात पिशवीतला फोन वाजला. हात गुंतलेले. चंद्रभागाबाईंनी फोन काढून तिच्या कानाला धरला.

"वर्षा, आई हो म्हणली!"

तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. "खरं?"

"खरं. फकस्त बाहेरगावचं बंद करायचं म्हणती. आपल्या गावात कर की, सप्त्यात, श्रावणात. कोण अडवतंय?"

"आन् डायरी?"

"फोन करून सांगू लोकांना."

"तू काय म्हणलास?"

"मी काय म्हणणार? म्हणलं, वर्षा समजदार हाय." पलीकडं ताटाचा आवाज झाला. "आईनं वाढलंय, जेवून येतो. तू हायेसच की उभी."

फोन बंद झाला. ती होतीच उभी. वीणा खाली ठेवायची सोय नव्हती, आणि ठेवणारी ती नव्हती.

"दोनचा पहारा कुणाचा हाय, आजी?"

"आश्रुबाचा. ते केजला केवायसीला गेलंय. अंगठा उमटंना म्हणून तितंच बसलंय म्हणं." म्हातारीनं वाती बाजूला सारल्या, गुडघ्यावर हात देऊन उठली. "आण इकडं."

"तुमी? गाव काय म्हणल?"

"तुला चालती, मग मला कावून न्हाई? पन्नास वर्सं झाली ह्या देवळात उभी हाय, यादीत नाव न्हाई आलं. जा तू. ते सतीश बोंबलतंय."

"आन् त्यो आल्यावर?"

"त्यो आला की बघते त्याच्याकडं."

वर्षाराणी पाया पडली. म्हातारीही वाकली, पण पाय शिवता शिवता पुटपुटली, "रडायचं आसंल तर गाडीत रड."

ती गाडीतच रडली. मांजरसुंब्यापर्यंत सतीशनं आरशात बघायचं टाळलं. मग हळूच म्हणाला, "ताई, प्रविणभाऊचा फोन आलता. आजी वीणा देईना म्हणत्यात. पहारा पुरा करूनच देती म्हणं." तिला रडता रडता हसू फुटलं. "आन् लिंबागणेशवाले फलकावर विषय काय लिवायचा, ते बी इचारत हायेत."

दीड तास त्याग सांगणाऱ्या बाईला एका माणसासाठी वीणा धरून उभं राहवलं नव्हतं.

"त्याग सोडून काय बी लिव्ह म्हणावं."

चारला ती उभी राहिली. मागं तिकडचाच पखवाजी, अनोळखी. आणि व्हायचं तेच झालं. ऐन रंगात पुढचं चरण गेलं. तिनं सवयीनं मागं पाहिलं. पखवाजी बिचारा शहाण्यासारखा हात आवरून तिच्याकडंच बघत होता. मांडव गप्प. एक लेकरू तेवढं रडत होतं.

"इसरले, मायबाप," ती म्हणाली.

 सगळा मांडव हसला. पुढच्या रांगेतल्या एका बाईनं रडतं लेकरू खांद्यावर टाकलं आणि बसल्या जागेवरून चरण धरून दिलं. वर्षाराणीनं तिथून उचललं आणि ती पुढं गायला लागली.