आळशी घोडी

"कुरूप आहे गं, अगदी कुरूप," माझ्या लेकीच्या, आयसालच्या पाळण्यावर वाकून सासूबाई गुणगुणायच्या. दृष्ट लागू नये म्हणून आमच्याकडे लेकराला असंच म्हणतात. तो आवाज अजून माझ्या कानात आहे. माझ्या नवऱ्यानं, एशीमनं, ते बोलणं जरा जास्तच मनावर घेतलं. पोर पंधराची झाली, तरी बापाच्या तोंडून कौतुकाचा शब्द नाही.

आणि पोर कशी, तर रात्रभर चालणारे पोवाडे एकदा ऐकले की पाठ. शाळेतला धडाही शेजारी बसलेल्या मुलीकडून ऐकून घडाघडा म्हणायची. आमच्या मुलखात पाठांतराला एवढा मान, की तिला वाचता येत नाही हे नववी संपेपर्यंत कुणाच्या ध्यानातच आलं नाही. आलं तेव्हा एशीम म्हणाला, "पुरे झाली शाळा. मेंढ्यांना काही वाचून दाखवायचं नसतं."

त्या उन्हाळ्यात नारिन शहरातल्या विद्यापीठातून बुरुल बाई डोंगरावरच्या आमच्या कुरणावर आल्या. वाचनात अडलेल्या मोठ्या मुलांना शिकवणं, हेच त्यांचं काम.

"बालवाडीचं पुस्तक आणलंत का?" मी विचारलं.

"एवढ्या मोठ्या मुलीला ते दाखवून लाजवू होय?"

आमच्याकडे घोडीचं दूध पितात; बाई आयसालशेजारी घोड्यांची धार काढायला बसल्या. ती बोलेल ते लिहायच्या, मग तेच तिच्याकडून वाचून घ्यायच्या, एकेका अक्षरावर बोट ठेवून. वारा यायचा, कागद उडायचा. कागदावर दगड ठेवून पुन्हा वाचन. शब्द तिचे, घोड्याही तिच्याच.

कुरण पिवळं पडलं. खाली गावात उतरायची वेळ आली. तंबूत वाटीतून चहा पीत एशीम म्हणाला, "वाचते म्हणे. स्वतःचंच बोलणं, पाठच असणार."

बाईंनी नवा कागद आयसालपुढे ठेवला. "काल सांगितलंस ना, ते."

पोर वाचू लागली. अडत, सावरत. "ठिपक्यांची घोडी सगळ्यांत आ... आळ..." बोट मागे नेलं. भुवया चढल्या. "आळशी? बाई, हे मी नाही सांगितलं. माझी घोडी आळशी नाहीये. कुणी लिहिलं हे?"

"मीच," बाई हसल्या. "बोला एशीमदादा. पाठ असतं, तर मी बदललेला शब्द तिला सापडला असता का?"

एशीमनं वाटी खाली ठेवली. कागद उचलून त्यानं घडी घातली आणि खिशात ठेवला.

"दहावीचं दप्तर घ्यायला हवं," तो म्हणाला. मग मान वर करून लेकीकडे बघत, "आजी खोटं बोलायची गं. देखणी आहेस तू. आणि हुशार."