दोन कार्डं, एक रक्त

सुई नुसती दिसली तरी धाकटीचे हातपाय गळायचे. लग्न झालं, पोर झाली, तरी ही भीती काही गेली नाही. थोरली बहीण मात्र तिच्या वाटचं सगळं स्वतःच उरकून मोकळी होणारी. शाळेतली छडीसुद्धा तिने धाकटीच्या बदली खाल्ली होती. याला माया म्हणावी की आगाऊपणा, देव जाणे.

दोघी गाद्यांच्या कारखान्यात होत्या, थोरली शिलाईला आणि धाकटी कापूस पिंजायच्या खोलीत. आईही तिथेच राबली आणि शेहेचाळिसाव्या वर्षी धापा टाकत गेली. सगळ्यांनी कापसाच्या धुळीला बोल लावला. तिला तपासणाऱ्या फुप्फुसांच्या डॉक्टरीणबाईंना मात्र वेगळीच शंका होती.

"काही घराण्यांत फुप्फुसांना जपणारं एक प्रथिन जन्मतःच कमी असतं," त्या म्हणाल्या. "अशा माणसाला धूळ फार लवकर खाते. दोघींनी तपासून घ्या."

त्यांनी दोन कार्डं दिली. घरी बोट टोचायचं, कार्डावरच्या गोलांत रक्ताचे थेंब टाकायचे, वाळवायचे आणि पाठवायचं, एवढंच काम.

थोरलीने आपलं कार्ड भरलं. धाकटी दाराआड उभी राहून म्हणाली, "ताई, मला नाही गं जमणार."

"भित्री कुठली! अगं, एका आईच्या पोटच्या आपण. रक्त काय वेगळं असणार आहे?" असं म्हणून थोरलीने तेच बोट पुन्हा दाबलं आणि दुसरं कार्डही भरून टाकलं. दोघी पोट धरून हसल्या.

दोन्ही रिपोर्ट निर्दोष आले. दोष निघाला तर मुकादम धाकटीला धुळीतून काढून शिलाईला हलवणार होता, ते मग राहूनच गेलं. "आता बिनघोर काम कर," थोरलीनेच तिला सांगितलं.

दोन वर्षांत धाकटी एका जिन्यात दोनदा थांबायला लागली. पंप झाले, गोळ्या झाल्या, कशाचाच गुण येईना. डॉक्टरीणबाई दर वेळी तो निर्दोष रिपोर्ट बघायच्या आणि दुसरीकडेच कारण शोधायच्या. थोरलीला ते दुसरं कार्ड आठवायचं, पण बहिणींचं रक्त एकच असतं असं ती मनाला बजावत राहिली.

एके दिवशी धाकटी बाहेर बाकावर धापा टाकत होती. आत बाईंनी दोन्ही रिपोर्ट शेजारी शेजारी ठेवले.

"गंमतच आहे. दोघींचा आकडा दशांशापर्यंत सारखा? सख्ख्या बहिणी असल्या तरी आईकडून काय आलं आणि बापाकडून काय आलं, हे प्रत्येकीचं वेगळं असतं हो."

बाई पान उलटत होत्या. थोरली गप्प राहिली असती तर विषय तिथेच मिटला असता. बाहेरून खोकला ऐकू आला आणि तिने सगळं सांगून टाकलं.

बाई रागावल्या नाहीत. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि नवं कार्ड मागवलं.

धाकटीचं स्वतःचं रक्त गेलं आणि निकाल आला. ते प्रथिन कमी पाडणारी एक खोट आईकडून, एक बापाकडून, दोन्ही तिच्याच वाट्याला आल्या होत्या. थोरलीला एकही नव्हती.

"ते प्रथिन आता दर आठवड्याला शिरेतून द्यावं लागेल," बाई म्हणाल्या. "फुप्फुस जेवढं उरलंय ते त्याने थोडं जास्त टिकेल. गेलेलं परत येत नाही."

"दोन वर्षांपूर्वी किती होतं?" धाकटीने विचारलं.

"पाऊण तरी असावं. आता पावही नाही. आणि तुमच्या मुलीचीही तपासणी करायला हवी." बाईंनी एक कोरं कार्ड टेबलावर ठेवलं.

थोरलीने सवयीने हात पुढे केला. धाकटीने कार्ड आधी उचललं. तिला एका दमात बोलवत नव्हतं, म्हणून ती थांबत थांबत बोलली.

"तू माझं भलंच करायला गेलीस, ताई. ते मला ठाऊक आहे. पण माझ्या पोरीच्या कार्डाला तू हात लावायचा नाहीस."