दिलेला ओके

पिन अर्ध्यातच अडकली. ताईने ती काढली, कापडाने पुसली, पुन्हा घातली. पुन्हा अडकली.

"काय झालं, ताई?" नव्या तपासनीस बाईने विचारलं. चार दिवसांनी ताई निवृत्त होणार होती आणि तिची खुर्ची हिला मिळणार होती, म्हणून सकाळपासून काम समजावून देणं चाललं होतं.

"काही नाही," ताई म्हणाली.

दवाखान्यातल्या खाटांना बाजूने जो कठडा असतो, त्याच्या पिना या कारखान्यात होत. पिन लोखंडी पट्टीच्या भोकातून जाते की नाही, एवढंच ताई सव्वीस वर्षं बघत आली होती. गेली तर ओके. मग खोक्यावर शिक्का मारायचा, तोही ओकेचा. सगळे तिला ओकेताईच म्हणत. त्या दोन अक्षरांवाचून तिथलं पान हलत नसे. माल ओके करायचा, ओके झाला की ओकेच्या रॅकवर ठेवायचा, आणि साहेबांनी झापलं की मान खाली घालून ओके म्हणायचं. घरीही तीच तऱ्हा. नवऱ्याचं ओके म्हणजे स्वारी रुसली. लांब राहणाऱ्या लेकीचं ओके म्हणजे आई, आता फोन ठेव. एकदा डॉक्टरांनी तिचा रिपोर्ट बघून ओके म्हटलं, तेव्हा ती बाहेरच्या बाकड्यावर बसून ढसाढसा रडली होती. आणि ती स्वतः तर उठता-बसता सगळ्यांना ओके म्हणत आली होती, कारण तेवढ्याने वाद मिटतो.

पण हजारो पिना जाऊन जाऊन पट्टीचं भोक झिजतं. म्हणून दर महिन्याच्या एक तारखेला साहेबांच्या कपाटातली मूळ पट्टी काढायची, आपली पट्टी तिच्याशी ताडून बघायची आणि वहीत ओके लिहायचं, असा नियम होता. या एक तारखेला साहेब रजेवर आणि कपाटाला कुलूप. आपल्या हाताला कळतं की, म्हणत तिने न बघताच वहीत ओके लिहून टाकलं. आज नवीला दाखवायला म्हणून मूळ पट्टी बाहेर निघाली, आणि ताईच्या पट्टीतून सुळकन जाणारी पिन हिच्यात अडकून बसली. जाड पिन खाचेत पुरती बसत नाही. कठडा लागल्यासारखा दिसतो, आणि आजारी माणूस त्याला रेलला की खाली येतो.

या महिन्याचे चाळीस खोके बाहेर टेम्पोत चढत होते.

ती पाणी प्यायला गेली आणि न पिताच परत आली. दारापर्यंत जाऊन टेम्पो बघून आली. चौदा खोके चढले होते. पुन्हा गेली तेव्हा बावीस झाले होते.

"पायाला चाकं लावलीत का आज?" पॅकिंगवाली हसून म्हणाली.

ताई हसली नाही. एखादीच पिन जाड असेल, इतकी वर्षं कुठे काय झालं, असं ती मनाची समजूत घालत होती आणि मन काही केल्या ऐकत नव्हतं. शेवटी ती साहेबांच्या खोलीत शिरली.

"साहेब, टेम्पो थांबवा."

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि आधी दार लावलं. "ताई, चार दिवस राहिलेत तुमचे. सोमवारी निरोपाचा कार्यक्रम आहे, मालक स्वतः येणार आहेत. कशाला अंगावर ओढवून घेताय? पुढच्या मालाला नवी पट्टी वापरू. ओके?"

सवयीने तिचे ओठ उघडलेही.

"नाही, साहेब."

"नाही म्हणजे?"

"मी न बघता लिहिलंय वहीत. माल जाऊ देऊ नका. कुणाचं तरी माणूस पडेल हो!"

"दिलेला ओके परत घेता येत नाही, ताई. तसा फॉर्मच नाही आपल्याकडे."

"मग कोऱ्या कागदावर लिहून देते."

साहेब खुर्चीतून उठले. मग दार उघडून ओरडले, "उतरवा रे माल!"

अर्ध्या तासात गोष्ट सगळीकडे पसरली. जाता जाता तोंडावर पडली बिचारी, असं कुणीतरी मशीनमागे म्हणालं. ताईला ते ऐकू आलं आणि चांगलंच लागलं.

पहिल्या खोक्यातली सातवी पिन मूळ पट्टीत अडकली. तोवर तिला वेडी आशा होती, की सगळ्या पिना धड निघाव्यात आणि उगाच घाबरलात म्हणून सगळ्यांनी तिला हसावं. आता ती आशाही संपली.

ती खुर्चीवरून उठली. "तू बस."

"मी? अजून चार दिवस आहेत ना, ताई?"

"हा माल मी एकदा तपासलाय. परत मीच तपासून काय उपयोग? बस."

नवी अवघडून बसली. तिने एक पिन घातली आणि अंगठ्याने दाबली. "ही जातेय की. जरा जोर लावला की जाते."

"जोर लावायचा नाही. आपणहून गेली तर गेली."

नवीने पिन बाजूला ठेवली. ताईने पॅकिंगवालीकडून कटर मागून घेतलं, गुडघ्यावर हात टेकत जमिनीवर बसली आणि दुसरा खोका उघडायला घेतला.