बरी की तारलेली

सत्यशीलाबाई परतूरच्या एका लहान चर्चच्या पाळक. त्या रविवारी त्यांनी रक्तस्रावाने खंगलेल्या बाईची गोष्ट घेतली होती. ती बाई गर्दीत शिरून येशूच्या वस्त्राला मागून हात लावते आणि बरी होते. सत्यशीलाबाई म्हणाल्या, "येशू तिला म्हणतो, 'तुझ्या विश्वासाने तुला बरं केलं आहे.' त्यातला मूळ ग्रीक शब्द एकच आहे. बरं करणं म्हणजे तोच, आणि तारणं, आत्म्याला वाचवणं, म्हणजेही तोच. मराठीत मात्र आपल्याला दोनांतला एक निवडावा लागतो."

शेवटच्या बाकावर एक अनोळखी बाई बसली होती. सगळे गेल्यावर ती पुढे आली. बायनाबाई तिचं नाव, मंठा रोडच्या वस्तीवरची. घरात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं.

"बाई, त्यो शब्द माझ्या शालूवर म्हणायला येता का?"

शालू तिची लेक, नर्सिंगला शिकत होती. रक्ताचा कॅन्सर झाला. संभाजीनगरच्या डॉक्टरांनी आता घरी न्या म्हणून सांगितलं होतं.

"मी प्रार्थना करीन," सत्यशीलाबाई म्हणाल्या, "पण बरं करणं माझ्या हातात नाही."

"तुमच्या न्हाई, त्याच्या हातात हाय म्हणून तर आले."

दुपारी दोघी रिक्षाने वस्तीवर गेल्या. पत्र्याखाली उकडत होतं, तरी शालू गोधडी घेऊन पडली होती. तिचे वडील रायभान टोपी काढून दारात उभे राहिले. सत्यशीलाबाईंनी तिच्या कपाळावर हात ठेवला आणि प्रार्थना सुरू केली. त्या शब्दापाशी मात्र त्या अडखळल्या. बरी कर म्हटलं असतं तर सगळं घर त्यावर विसंबलं असतं.

"देवा, शालूला तार," त्या म्हणाल्या.

शालूने डोळे उघडले. "तार म्हंजे? मी उठून बसंन का?"

"तो तुला सोडणार नाही."

"त्ये न्हाई इचारलं मी."

"मला माहीत नाही, शालू."

शालूने भिंतीकडे तोंड फिरवलं.

बाहेर आल्यावर बायनाबाई हळूच म्हणाली, "शब्द एकच हाय म्हणल्या ना तुम्ही? मंग बरी हो म्हणलं असतं तर काय बिघडलं असतं? पोरीला आज दोन घास तरी गेले असते."

सत्यशीलाबाईंकडे उत्तरं होती, धर्मशास्त्र शिकताना मिळालेली. त्या रिक्षाने घरी परतल्या.

रात्रभर त्यांना बायनाबाईचा प्रश्न लागून राहिला. सकाळी त्या पुन्हा गेल्या. शालूचा हात हातात घेऊन म्हणाल्या, "बरी हो, शालू."

शालू त्यांच्याकडे बघत राहिली. "आता उगं म्हणून राह्यल्या," ती म्हणाली. "माय म्हणली म्हणून. ऐकलं मी काल."

त्याच आठवड्यात शालू गेली. सत्यशीलाबाई पोचल्या तेव्हा माती देऊन माणसं परतली होती. बायनाबाई भिंतीला टेकून बसली होती, डोळे कोरडे.

"त्या गोष्टीतल्या बाईनं तर नुसता हात लावल्ता," ती म्हणाली. "म्या तर पोरीला धरून बसल्ते, सोडलंच न्हाई. माझा इस्वास कुठं कमी पडला, सांगा."

"कमी नाही पडला, बायनाबाई."

"मंग?"

सत्यशीलाबाई तिच्या शेजारी जमिनीवर बसल्या. रायभानने पाण्याचा तांब्या आणून ठेवला. बायनाबाई अजून त्यांच्या तोंडाकडे बघत होती.