आरतीआधी उठायचं नाही

श्यामसुंदर, म्हणजे घरीदारी सगळ्यांचे अण्णा, यांनी बुधवार पेठेतल्या एका दुकानात उभी हयात टीव्ही विकले. नव्वदनंतर परदेशी कंपन्यांचे रंगीत सेट यायला लागले तशी दुकानात अशी झुंबड, की डबा उघडायला चार वाजायचे. भिंतीवर डझनभर टीव्ही एकदम चालू, पण आवाज एकाचाही नाही. त्यामुळं अण्णांनी सिनेमे शेकड्यांनी पाहिले आणि ऐकला एकही नाही.

ऐकायचं ते संध्याकाळी. शटर पडलं की पायीपायी कसब्यात यायचं आणि देवळात खांबाला टेकून कीर्तनाला बसायचं. पलीकडे बायकांच्यात हिराबाई. घरी जाताना नवराबायकोची चर्चा चालायची. आज बुवांचा पूर्वरंग फार लांबला, अभंगाचा अर्थ सांगता सांगता गाडी भलतीकडेच गेली. पण उत्तररंगात गोष्ट सुरू झाल्यावर काय रंगले! राजा राणीला सोडून निघाला तेव्हा हिराबाईंनी पदर डोळ्याला लावला होता आणि अण्णांनी ते पाहिलं होतं. राणी कुठली, काळ कुठला. पण ऐकणारा रडतो तो आपल्याच घरातलं काहीतरी आठवून. कीर्तनात बसलेल्याला हे कुणी समजावून सांगावं लागत नाही. देवाची केवढी कृपा आहे ही, की माणसाला आपलं दुःख दुसऱ्याच्या नावानं रडता येतं.

हिराबाई गेल्या आणि कसब्यातल्या दोन खोल्या अण्णांना खायला उठल्या. मुलगा सौरभ खराडीत, कंपनीच्या जवळच राहत होता. तो म्हणाला, "अण्णा, एकटे कशाला राहता? इकडे लिफ्ट आहे, गार्डन आहे, सगळं आहे."

सगळं होतं. कीर्तन नव्हतं. कसबा म्हणजे मध्ये बस बदलून जायचं, आणि परतीची बस गाठायची तर गोष्ट ऐन रंगात असताना उठायचं. आरतीआधी उठणं म्हणजे अण्णांच्या लेखी देवाला पाठ दाखवणं. त्यापेक्षा न गेलेलं बरं, असं म्हणून त्यांनी जाणंच सोडलं.

उरला टीव्ही. जन्मभर मुका पाहिलेला, आता बोलायला लागलेला.

अण्णांना बघायची एकच रीत ठाऊक होती. सोफ्यावर मांडी घालायची, मध्ये बोलायचं नाही, आणि शेवटची नावं सरकून पडदा काळा होईपर्यंत उठायचं नाही. त्यानंतर हात जोडायचे. एकदा सौरभ आणि सून पूर्वा त्यांना मॉलमध्ये सिनेमाला घेऊन गेले. सिनेमा संपला, दिवे लागले, झाडूवाले आत आले, तरी अण्णा मांडी घालून जागेवर.

"अण्णा, चला ना, संपला," सौरभ दारातून म्हणाला.

"संपला कुठं? अजून मंडळींची नावं चाललीत. राबलेत ना बिचारे."

सौरभनं कपाळाला हात लावला. पूर्वाला मात्र फार हसू आलं, आणि तिनं मोबाइल काढला.

तिथून सुरुवात झाली. रविवारी सकाळी चहा झाला की पूर्वा मोबाइल धरायची, सौरभ समोर खुर्ची ओढून बसायचा आणि विचारायचा, "हं अण्णा, या आठवड्यात काय पाहिलंत?"

"तो पोलिसाचा सिनेमा पाहिला. पूर्वरंगच नाही हो त्याला. माणूस कशासाठी मारतोय ते कळायच्या आधीच तीस जण मारून मोकळा. नाव तरी विचारायचं एखाद्याचं."

"आणि नऊची मालिका?"

"ती सून सासऱ्याला विषाची खीर देते ती? सोमवारी वाढली, शुक्रवारी त्यानं चमचा उचलला. अरे, शुक्रवारपर्यंत ती खीर विष न घालतासुद्धा जीव घेईल! उत्तररंगाला जीव नाही."

"भुताचा कसा वाटला?"

"भूत चांगलं होतं. रोज दार वाजवायचं. आपल्या मजल्यावर तेवढंही कुणी वाजवत नाही."

दोघं पोट धरून हसायची. अण्णाही हसायचे. आठवडाभर मुलाचं दर्शन व्हायचं ते कानाला हेडफोन लावलेलं, परदेशातल्या कुणाला तरी इंग्रजीत "येस, येस" करताना. जेवायलाही तो लॅपटॉप घेऊन बसायचा. रविवारची ती खुर्ची मात्र अगदी अण्णांच्या गुडघ्याला गुडघा लागेल इतकी जवळ यायची. अण्णा त्या तासाची शनिवारपासून तयारी करायचे. दाढी, इस्त्रीचा सदरा, काळी टोपी, कपाळाला बुक्का. कुणी ऐकायला बसलं की सांगणाऱ्यानं नीटनेटकं असावं.

"हे कुठं दाखवता रे?" त्यांनी एकदा विचारलं होतं.

"असंच, आपल्या लोकांना," सौरभ म्हणाला.

अण्णांना वाटलं, मावशीला, आत्याला. त्यांनी पुढं विचारलं नाही.

एका रविवारी अण्णांनी एका साध्याशा मालिकेचा भाग सांगायला घेतला. दवाखान्यात म्हातारी पडलेली. नवऱ्याला म्हणते, जरा बसा ना. तो म्हणतो, आलोच, चहा घेऊन येतो. थर्मास घेऊन परत येतो तर पलंगावर नवी चादर. "थर्मास कुठं ठेवावा ते कळत नाही हो त्याला," अण्णा म्हणाले, "तो नुसता उभा..." त्यांनी टोपी काढली आणि तोंडापुढं धरली.

हिराबाईंच्या वेळी थर्मास नव्हता, स्टीलची बरणी होती. एवढाच फरक.

पूर्वानं मोबाइल खाली घेतला नाही. सौरभ पुढं झुकला होता. अण्णांना वाटलं, पोराला कळलं. त्याचीच आई. त्या दिवशी जेवताना अण्णांना दोन घास जास्त गेले. बोलले कुणीच नाही, पण कीर्तनातून परत येताना हिराबाईही कधीकधी मुकाट्यानंच चालायच्या.

महिन्याभरानं सौरभ म्हणाला, "अण्णा, आमच्या कंपनीत फॅमिली डे आहे. तुम्ही स्टेजवर यायचं. दोन मिनिटं बोलायचं, नेहमीसारखं. सगळ्यांना तुम्हाला बघायचंय."

"मला? मी काय बोलणार?"

"जे घरी बोलता तेच हो."

अण्णा त्या आठवड्यात नीट झोपले नाहीत. आयुष्यभर कीर्तनकाराच्या गादीसमोर बसलेला माणूस, गादीवर उभं राहायचं कधी मनातही आणलं नव्हतं. आता म्हातारपणी देवानं चार श्रोते पुढं बसवले होते. माणूस दुसऱ्याची गोष्ट का ऐकतो, या विषयावर त्यांनी बाथरूममध्ये, हळू आवाजात, छोटासा पूर्वरंग बसवला. ट्रंकेतून धोतर काढलं. शेवटी ऐकणाऱ्यांच्या कपाळाला लावायला बुक्क्याची डबी खिशात टाकली.

हॉल गार होता आणि गच्च भरला होता. आत शिरताशिरताच कुणीतरी पोरगं ओरडलं, "अण्णा! उत्तररंगाला?" आणि मागची पन्नास तोंडं एका सुरात, "जीव नाही!" अण्णा चपापले. मावशी नाही, आत्या नाही, यांना कसं ठाऊक? एका मुलीनं तर खांद्यावर हात टाकून फोटो काढून घेतला.

सौरभचा साहेब अभय, तिशीतलाच मुलगा, माइक घेऊन पुढं आला. अण्णा स्टेजच्या पायरीशी वाकले, फळीला हात लावून तो कपाळाला लावला. लोक हसले.

"अण्णा सर, वन मिनिट! आधी एक झलक बघू या!" अभय म्हणाला.

मागच्या पांढऱ्या पडद्यावर अण्णा आले. घराच्या भिंतीएवढे. पोलिसाचा सिनेमा, खीर, भूत. प्रत्येक वाक्यामागं डब्यात भरून ठेवल्यासारखा तयार हशा, आणि त्याच्यावर हॉलमधला खरा हशा. इथवर अण्णांना काही वाटलं नाही. विनोदी कीर्तन असतंच की. मग थर्मास आला. पडद्यावरच्या अण्णांनी टोपी तोंडापुढं धरली आणि त्याच क्षणी पिपाणी वाजली. पों, पों, पों. टोपीच्या दोन्ही बाजूंनी चितारलेल्या निळ्या पाण्याच्या चिळकांड्या उडाल्या. खाली अक्षरं आली: "नळ आला, बादल्या लावा!"

हॉल कोसळला. पुढच्या रांगेत पूर्वा हसता हसता डोळे पुसत होती. सौरभ वळून वळून मागचे लोक किती हसताहेत ते पाहत होता.

अभयनं माइक अण्णांच्या हातात दिला.

अण्णांना खाली उतरता आलं असतं. पण एकदा उभं राहिल्यावर आरतीआधी उतरायचं नसतं. त्यांनी बसवलेलं सगळं म्हटलं. माणूस दुसऱ्याची गोष्ट का ऐकतो ते सांगितलं. ते श्वास घ्यायला थांबले की लोक हसायचे, कारण त्यांना वाटायचं, आता विनोद येईल. शेवटी अण्णांनी हात जोडले, डोळे मिटले. टाळ्या पडल्या, शिट्ट्याही पडल्या. खिशातली डबी खिशातच राहिली.

परतताना गाडीत अण्णा मागं बसले, पूर्वा पुढं सौरभशेजारी.

"अण्णा, अहो स्टार आहात तुम्ही," सौरभ म्हणाला. "लाखो लोक बघतात. तो टोपीवाला तर सगळ्यात जास्त."

"ते पाणी कुणी काढलं?"

"मीच. ॲप असतं तसं. दोन मिनिटांचं काम."

"तुझी आई होती रे ती."

सौरभनं आरशातून पाहिलं. त्याला खरंच कळलं नव्हतं. "कोण? अहो, ती सीरियलमधली बाई होती ना?"

पूर्वानं त्याच्या हातावर चापट मारली. "गप्प बस सौरभ." मग मागं वळून म्हणाली, "सॉरी अण्णा. आम्ही काढून टाकतो तो."

"काढून काय होणार? लाखांनी पाहिला ना?"

अण्णा खिडकीबाहेर पाहत राहिले. पोराचा राग यावा तर त्यालाही आधार सापडेना. याला कीर्तनाला कधी नेलं होतं आपण? शाळा, क्लास, इंजिनिअरिंग. गोष्ट ऐकून घरातलं माणूस आठवायचं असतं, हे त्याला कुठल्या क्लासात शिकवणार होते?

पुढचा रविवार आला. अण्णांनी दाढी केली, सदरा घातला, टोपी घातली. सौरभ दारात घुटमळत होता, रिकाम्या हातानं.

"खुर्ची घे," अण्णा म्हणाले. "आणि पूर्वा, मोबाइल लाव."

"राहू दे ना अण्णा, आज नको."

"लाव म्हणतो ना. नवीन भाग पाहिलाय."

पूर्वानं मोबाइल धरला. सौरभ बसला, पण खुर्ची पुढं ओढली नाही.

"विचार."

"काय... काय पाहिलंत अण्णा?"

"एका म्हाताऱ्याची गोष्ट. पूर्वरंग उत्तम. म्हातारा रविवारी रविवारी बोलतो, पोरगं समोर बसून ऐकतं. म्हाताऱ्याला वाटतं, पोरगं आपल्यासाठी बसलंय. काम चांगलं केलंय म्हाताऱ्यानं, अगदी खरा मूर्ख वाटतो. मुलाचं काम करणारा मात्र कच्चा. आईचं नाव निघतं तेव्हा त्याला चेहराच सापडत नाही. पिपाणी ऐनवेळी वाजवतो, तेवढं त्याला जमतं." अण्णांनी टोपी नीट केली. "उत्तररंगाला जीव आहे पण. पाहणाऱ्यानं आपल्या जबाबदारीवर पाहावा. झालं. टाक हा भाग. पाणी हवं तर काढ."

पूर्वाचा हात केव्हाच खाली आला होता.

"हे नको टाकायला," सौरभ म्हणाला.

"का? यात हसण्यासारखं नाही?"

सौरभ उठून आत गेला. तो भाग त्यानं टाकला नाही, थर्मासचाही काढला. आणि रविवारी खुर्ची ओढून बसणंही त्या दिवसापासून थांबलं. लाजेनं असेल किंवा आता टिपण्यासारखं काही उरलं नाही म्हणून असेल. पूर्वा येता-जाता विचारायची, "अण्णा, कालचा एपिसोड कसा होता?"

"बरा होता."

एवढंच.

टीव्ही अण्णा अजून पाहतात. मांडी घालून, शेवटपर्यंत. आतल्या खोलीत सौरभ हेडफोन लावून कसलं तरी बघत असतो आणि मध्येच एकटाच मोठ्यानं हसतो. अण्णा त्या आवाजाकडे कान देतात, रविवारचंच ते हसू आहे का, ओळखू येतं का पाहतात. पडद्यावर नावं वर सरकत जातात. वेशभूषा, प्रकाश, ध्वनी. कोण कोण राबलं त्या सगळ्यांची. ती संपेपर्यंत अण्णा उठत नाहीत. मग हात जोडतात. समोरच्या खुर्चीवर पूर्वानं वाळलेले कपडे घडी करून ठेवलेले असतात.